एकतिसावं पान

मी एक स्वाध्यायपुस्तिका बोलतेय. इंग्रजीची. मुक्काम यॉर्कशायरचा किनारा, प्रार्थनाघराच्या वरच्या खोलीतलं कपाट.

माझा धंदा एकच. कुठल्या क्रियापदापुढे 'टू' लावायचं आणि कुठल्यापुढे 'आयएनजी', ते शिकवायचं. नियम विचारला तर उत्तर एकच, कानाला जे बरं वाटेल ते लिहा. इथे जन्मलेल्यांचं ठीक आहे हो. मासळीच्या कारखान्यात आलेल्या परदेशी पोरींनी कुणाच्या कानाला विचारायचं? बिचाऱ्या पेन्सिली चावत बसतात.

मिसेस हॉलरॉइड बाईंचा नियम कडक. लिहायचं पेन्सिलीनंच, आणि जूनमधल्या शेवटच्या तासाला चहा-बिस्किटं खात सगळं खोडायचं, पुढच्या वर्गासाठी. माझी पानं सोलवटून निघतात, पण माझं ऐकतंय कोण!

माझ्यात लिहिणारी लाटवियाची इल्झे मात्र खोडायला आलीच नाही. मे महिन्यात तिचा कोट वाळूवर सापडला, ती नाही. तिची पानं बाईंनीच खोडली, डोळे पुसत.

सप्टेंबरात बाईंनी मला उघडलं, तर एकतिसाव्या पानावर इल्झेची वाक्यं जशीच्या तशी. 'स्वतःविषयी पाच वाक्यं लिहा' असा तो प्रश्न. तिनं चारच लिहिली होती. बाईंनी पुन्हा खोडली. आठवड्यानं पुन्हा उमटली. देवाशप्पथ सांगते, मधल्या काळात मला कुणी हात लावला नव्हता. मलाच माझी भीती वाटायला लागली.

मग इल्झेची धाकटी बहीण बाइबा आली. त्याच कारखान्यात लागली, त्याच वर्गात बसली. दोघींचं फोनवर कडाक्याचं भांडण झालं होतं, आणि त्यानंतर इल्झेचा फोन आलाच नव्हता.

"एवढंच सांगा, बाई," ती म्हणाली, "ती माझ्यावर रागावून गेली का?"

बाईंनी एकतिसावं पान उघडून मला तिच्यापुढे सरकवलं. चौथं वाक्य होतं: बहिणीला फोन करायला विसरले.

"इथे 'टू' की 'आयएनजी', म्हणून हे वाक्य तिनं माझ्याकडून तीनदा तपासून घेतलं," बाई म्हणाल्या. "रागावलेलं माणूस एवढं करत नाही गं."

बाइबा माझ्यावर गाल टेकून रडली. पाचव्या रिकाम्या ओळीत तिनं लिहिलं: तू ये, मी वाट बघते.

महिनोन्‌महिने वाट बघितली पोरीनं. परवा, जूनच्या शेवटच्या तासाला, ती ओळ तिनं स्वतःच खोडली. उद्या शनिवारी ती कायमची घरी निघालीय. बाईंनी कपाटाला कुलूप लावलंय, आता थेट सप्टेंबरात उघडणार.

आज सकाळपासून ते पान ओलं लागतंय. खारट वास येतोय. पाचव्या ओळीत अक्षरं उमटलीत, इल्झेसारखी दाबून लिहिलेली: 'थांब, निघालेय.'

बाइबाला थांबवावं की पळ म्हणावं? जन्मभर दुसऱ्यांना दोहोंतलं एक निवडायला शिकवलं, आणि आज माझी मती गुंग झालीय. कुणीतरी कपाट उघडा हो. पाणी बत्तिसाव्या पानावर आलंय.