बेचाळीस पानं

पोपटमामांनी पडवीतली खुर्ची ओढून शितलच्या समोर घेतली, चष्मा लावला आणि तिच्या वहीचं पान डोळ्यांपासून लांब धरलं.

"बसा," ते मुलाखत घेणाऱ्या साहेबाच्या आवाजात म्हणाले.

शितल बसलेलीच होती. ती थोडी सावरून बसली.

सोमवारी पुण्यात तिची मुलाखत होती. बिझनेस ॲनालिस्टची जागा. रांजणगावच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात सहा वर्षं स्टोअरची क्लार्क म्हणून काढल्यावर तिला हे काम हवं होतं. माणसांना त्यांचं काम विचारायचं आणि सॉफ्टवेअरवाल्यांना कळेल असं लिहून द्यायचं. ते तिनं एकदाच केलं होतं, दोन वर्षांपूर्वी, कारखान्यात नवी कॉम्प्युटर सिस्टीम यायची होती तेव्हा. साहेबांनी तिला स्टोअरकीपर पोपटमामांजवळ आठ दिवस बसवलं. कोणता पार्ट कुठं, कोण मागतं, चिठ्ठी कुठून कुठं जाते, मामा सांगत गेले. तिनं बेचाळीस पानं लिहिली. सिस्टीम सुरू झाली आणि पाच महिन्यांत मामांची जागा राहिली नाही. आता ते तळेगाव ढमढेऱ्यात घरच्या रानात शेवंती आणि वांगी करत.

मुलाखतीत त्याच कामाबद्दल विचारणार होते, आणि जुनी पद्धत मामांइतकी कुणालाच ठाऊक नव्हती. येऊ का, एवढं फोनवर विचारायला तिला तीन दिवस लागले होते. इंग्रजीचं नंतर बघता आलं असतं, आधी मराठीत नीट सांगता यायला हवं होतं.

"आधी काम कसं व्हायचं?" मामांनी वाचलं.

ती बोलत गेली. मधे त्यांनी थांबवलं. "लाल चिठ्ठी सुपरवायझरकडं न्हाई, आधी फोरमनकडं जायची."

तिनं दुरुस्त करून पुन्हा सांगितलं.

"नव्या पद्धतीनं फायदा काय झाला?"

"पार्ट मिळायला चाळीस मिनिटं लागायची, ती दहावर आली."

मामांनी वाट पाहिली. "फुडं?"

"एवढंच."

"न्हाई. फुडं लिव्हलंयस की. दोन माणसांचं काम वाचलं." त्यांचं बोट त्या ओळीवर होतं. "हे आधी सांगायचं. साहेब लोकांना हेच ऐकायचं आसतं. म्हण."

शितलनं खाली बघून म्हटलं.

"वर बघून म्हण."

तिसऱ्या खेपेला तिचा आवाज अडखळला नाही, तेव्हा मामांनी मान हलवली आणि वही मिटून मांडीवर ठेवली.

"येक सांगायचं ऱ्हायलंय," ते म्हणाले. आवाज आता साहेबाचा नव्हता. "त्या आठ दिसांत तुला सगळं सांगितलं, पण येक ठिवलं. मुद्दाम."

"काय, मामा?"

"जुन्या तीन प्रेस मशिनींचं बेरिंग. दोन खोक्यांवर नंबर येकच, पण माल दोन जागचा. येक नीट बसतं, दुसरं पंधरा दिसांत मशीन बंद पाडतं. ते हाताला कळायचं, कागदावर न्हाई. म्हटलं, अडलं की बोलावतील." त्यांनी चष्मा काढून सदऱ्याच्या टोकानं पुसला. "वरीसभर फोनपासनं लांब गेलो न्हाई. रानात रेंज न्हाई, तिकडं जाताना बायकूला फोनपाशी बसवून जायचो."

मग त्यांनी विचारलं, "अडलं आसंल की त्यांचं?"

त्या तिन्ही प्रेस मामा गेले त्याच महिन्यात भंगारात निघाल्या होत्या. ट्रकमध्ये चढवताना शितल स्टोअरच्या दारात उभी होती.

तिनं त्यांच्या मांडीवरची वही घेतली, कोरं पान काढलं, वर तारीख घातली.

"हाताला कसं कळायचं, मामा? पहिल्यापासनं सांगा."

मामा खुर्चीत पुढं सरकले. त्यांनी चहाचा रिकामा पेला उचलला आणि त्याच्या कडेवरून अंगठ्याचं नख सावकाश फिरवलं.

"लिव्ह," ते म्हणाले. "आतली कड आसती ना, तिथनं सुरू कर."