मागितलेली ओवाळणी

शरद सरत आला होता. कुमुदपुरावर कार्तिकाचे कोवळे, केशरी ऊन उतरले होते, आणि शुभ्रा नदीचे पाणी इतके निवळले होते की तळाशी पडलेला प्रत्येक गोटा आपापला रंग सांगत होता. काठावरच्या साळी पिकून वाकल्या होत्या. वाऱ्याची झुळूक आली की सारे शिवार दुधावरच्या सायीसारखे हळूच थरथरत होते. बगळ्यांची एक शुभ्र ओळ निळ्या आकाशावर उमटत होती, विरत होती, पुन्हा उमटत होती.

अशा सकाळी कोणी कोणाला मारायचे ठरवील, हे त्या उन्हाला खरे वाटले नसते.

नदीतीरावरच्या राजमंदिरात वल्लरी भाऊबीजेचे तबक घासत बसली होती. घरात दासी होत्या, तरी ती स्वतः घासत होती, कारण भाऊ बारा गावच्या वाटा तुडवून, कितीतरी वर्षांनी घरी आला होता.

भाऊ चुलत होता. पण चुलत हा शब्द त्या दोघांना लोकांनी शिकवला. वल्लरीला जन्म देताच तिची आई गेली, तेव्हा राणी चंद्रप्रभेने एका कुशीत आपला अरिंजय घेतला आणि दुसऱ्या कुशीत दिराची ही पोरकी पोर घेतली. एकच पदर, एकच अंगाई, एकच ऊब. एकाला ठेच लागली तर दुसरे रडायचे.

मग अरिंजय दूर पर्वतातल्या गुरुकुलात गेला. तो तिकडे असतानाच त्याचा पिता, राजा सोमकीर्ती, मृगयेत मारला गेला. वाघाने झेप घातली, असे परत आलेल्यांनी सांगितले. त्या शोकाने राणी झिजली, विझली. राज्याची धुरा राजाच्या धाकट्या भावाने, रणकेतूने, उचलली. पुतण्या शिकून येईपर्यंत, असे त्याने सभेत सांगितले. तो रणकेतू वल्लरीचा पिता.

आता पुतण्या आला होता. कार्तिकी पौर्णिमेला त्याचा अभिषेक व्हायचा होता. वेशीवर पताका चढत होत्या, चौकाचौकात सडे पडत होते. पण अरिंजय हसत नव्हता. गेला तेव्हा पाण्यासारखा खळाळता होता. आला तो पाण्यावरच्या सावलीसारखा.

त्या सकाळी त्याने तिला घाटावर बोलावून घेतले. तो खालच्या पायरीवर बसला होता, पावले पाण्यात सोडून.

"वल्ली, तुला एक सांगायचंय. सांगू नये असं आहे."

"मग तर सांगच, दादा."

त्याने पावले पाण्याबाहेर काढली. मग म्हणाला, "येताना सीमेवरच्या गावी थांबलो होतो. बाबांची ढाल वाहणारा जुना ढालाईत तिथं अंथरुणाला खिळला होता. मरताना त्याला खोटं बरोबर न्यायचं नव्हतं. वल्ली, त्या रानात वाघ नव्हता. बाबांच्या पाठीत भाला होता. आणि तो भाला काकांचा होता."

नदी वाहत होती. पलीकडच्या काठावर कोणी धुणे आपटत होते. त्याचा आवाज येत होता, थांबत होता, येत होता. वल्लरीला वाटले, हा आवाज थांबला की आपला श्वासही थांबेल.

"तू काय करणार आहेस?" तिने विचारले.

"आल्यापासून रोज ठरवतो आहे. रोज त्यांना पाहतो. ते मला घोड्यावर बसायला शिकवायचे तेच हात, तेच डोळे. माझा हातच उठत नाही. मग रात्री बाबा आठवतात, त्यांची पाठ आठवते, आणि स्वतःची किळस येते." त्याने ओंजळभर पाणी घेतले, सोडून दिले. "आज संध्याकाळी ओवाळणीला ते माझ्यासमोर बसतील. माझ्या कमरेला तलवार असेल. आज मात्र हात उठेल."

"मग मला कशाला सांगितलंस? मी त्यांची मुलगी आहे."

"म्हणूनच. तुझ्या हातून कुंकू लावून घ्यायचं आणि मनात हे दडवायचं, ते मला जमेना."

अरिंजय, शत्रूला जिंकणारा, असे त्याचे नाव ठेवले होते. त्या नावाचे ओझे त्याच्या कोवळ्या खांद्यांवर तिला त्या क्षणी दिसले. तिने त्याच्या हातावर हात ठेवला आणि ती पायऱ्या चढून गेली.

रणकेतू शेवंतीच्या ताटव्यात उभा होता. पिवळ्या, पांढऱ्या, जांभळट फुलांच्या त्या लाटांत त्याचे पिकते केस उन्हाने रुपेरी झाले होते. हाच बाप तिची वेणी घालायचा. रणांगणात भाला पेलणारी बोटे मुलीच्या केसांत अडखळायची, आणि तो दासींना हाक न मारता पुन्हा पुन्हा पेड सोडवायचा. वल्लरीला ते सारे आठवले, आणि आठवू नये असे वाटले.

"तात, थोरल्या तातांना वाघानंच मारलं ना?"

तो एक फूल खुडत होता. फूल खुडले गेले, पण हातात राहिले नाही.

एक भुंगा आला, फुलावर बसला, उडून गेला. रणकेतूने नाही म्हटले नाही. नाही म्हटले असते तर तिने विश्वास ठेवला असता. सारे आयुष्य ठेवला असता.

"तू माझी एकुलती एक," तो शेवटी म्हणाला. "मी जन्मभर सिंहासनाच्या पायरीशी उभा राहिलो. तू तशी उभी राहावीस, हे मला सहन होणार नव्हतं."

"मी मागितलं नव्हतं, तात."

"मुलं मागत नाहीत. बाप देतो." मग त्याने मान वळवली. त्याचा आवाज खाली आला. "त्याला कळलंय?"

तिने ओठ मिटून घेतले. घट्ट मिटले. आणि त्या मिटलेल्या ओठांवर त्याने उत्तर वाचले.

त्याने खाली पडलेले फूल उचलले. मग अगदी मऊ स्वरात, पूर्वी तिची समजूत काढताना बोलायचा त्याच स्वरात म्हणाला, "जा, तबक सजव. मी त्याच्यासाठी केशरी बासुंदी करायला सांगतो. लहानपणी वाटी चाटूनपुसून खायचा."

वल्लरीच्या डोळ्यांत पाणी आले. बापाचे मन विरघळले, असे तिला वाटले. पश्चात्तापाचा पहिला पाझर असाच गोड असणार, असे तिला वाटले. ती धावत महालात गेली आणि देवासमोर बसून तिने एकच विचार केला: दोघेही हवेत. मला दोघेही हवेत.

सांज झाली. पश्चिमेच्या गुलाबी धुरात बीजेची कोर दिसू लागली. बारीक, वाकडी, नव्या नवरीच्या भुवईसारखी. वल्लरीने आधी चंद्राला ओवाळले. मग ती आत आली.

महालात समया तेवत होत्या. पाटाभोवती रांगोळीच्या वेली होत्या. सेनापती होते, वृद्ध अमात्य होते, मानकरी होते. पाटावर अरिंजय बसला होता, कमरेला तलवार; आणि समोर, दोन हातांवर, रणकेतू बसला होता, त्याच्याही नजरेला एक म्यान होते. एका बाजूला बाप. एका बाजूला भाऊ. मध्ये ती, आणि तिच्या हातात थरथरणारी ज्योत.

तिने कुंकू लावले. अक्षता लावल्या. सुपारीने ओवाळले, सोन्याने ओवाळले, नीरांजनाने ओवाळले. ज्योतीच्या वर्तुळात भावाचा चेहरा उजळत होता, मावळत होता, उजळत होता. त्याच्या पापण्या ओल्या होत्या.

"काय घालू ओवाळणी?" त्याने विचारले. रीत म्हणून विचारले.

"मागेन ते देशील, दादा?"

"दिलं."

"माझ्या तातांचा प्राण घाल."

महालातला वारा पडला. मानकऱ्यांनी एकमेकांकडे पाहिले. कोणाला काही कळले नाही. ज्यांना कळले ते तिघेच होते, आणि तिघेही दगडाचे झाले होते.

अरिंजयाच्या चेहऱ्यावरून काय काय गेले. पित्याची पाठ गेली. ते अनोळखी रान गेले. मातेचा झिजत गेलेला हात गेला. त्याची बोटे तलवारीच्या मुठीवर गेली, तिथे राहिली, पांढरी पडली. वल्लरी हलली नाही. तबक धरलेले तिचे मनगट दुखू लागले, तरी हलली नाही.

मग त्याने तलवार सोडली. म्यानासकट सोडली. दोन्ही हातांनी ती तबकात ठेवली, आणि तिच्या भाराने तबक खाली झुकले.

"घातला," तो म्हणाला. मग समोर पाहून, शांतपणे म्हणाला, "काका, मला सगळं कळलंय. बाबांना कोणी मारलं ते कळलंय. आता मी काही करणार नाही."

बोलता बोलता त्याच्या खांद्यांवरून काहीतरी उतरले. आल्यापासून पहिल्यांदा तो हसला. तेच जुने, खळाळते हसू. ते हसू पाहून वल्लरीचे सारे अंग फुलून आले. तिने तबक खाली ठेवले. शेजारची रुप्याची वाटी उचलली. बासुंदीवर केशराच्या काड्या तरंगत होत्या, सांजेच्या ढगांसारख्या.

"तोंड गोड कर, दादा."

रणकेतूचे ओठ उघडले.

एक शब्द पुरेसा होता. थांब, एवढाच. तो शब्द त्याच्या कंठापर्यंत आला, तिथे घुटमळला. पौर्णिमा त्याच्या डोळ्यांसमोर आली. तो अभिषेक, ते सिंहासन, आणि पायरीशी उभी असलेली आपली मुलगी. रणकेतूने ओठ मिटले. ज्या पुतण्याने आत्ताच त्याला जीवदान दिले होते, त्याच्या तोंडाशी जाणारा घास तो पाहत राहिला.

वल्लरीने शेजारी बसून स्वतःच्या हाताने भरवले. एक घास. आणखी एक.

"गोड आहे," अरिंजय म्हणाला.

आणि मग त्याचा हात छातीकडे गेला. ओठांवरची लाली निळी होत गेली. त्याने वाटीकडे पाहिले, काकांकडे पाहिले, आणि शेवटी तिच्याकडे पाहिले; आणि तिच्या डोळ्यांतला तो भाबडा, न कळणारा भेदरलेपणा पाहून त्याची नजर मवाळ झाली. पाटावरून तो कलंडला तो तिच्याच मांडीवर.

सेनापतींची तलवार उपसली गेली. मानकरी उठले. समयांच्या उजेडात पोलादाच्या जिभा लखलखल्या.

"कोणी हात लावू नका त्यांना," अरिंजय म्हणाला. आवाज इतका बारीक होता की सगळ्यांना थांबावे लागले. "मी ओवाळणी घातलीय."

"दादा, मी..."

"तुला ठाऊक नव्हतं." तिच्या मनगटाभोवती त्याची बोटे होती, गार, गारठत जाणारी. "मला माहीत आहे, वल्ली. घातलेलं परत घेत नाहीत. तू पण घेऊ नको."

एवढे बोलून तो निवला. बाहेर बीजेची कोर केव्हाच मावळली होती.

दुसऱ्या दिवशी चिता पेटली, भडकली, शमली. वल्लरी रडली नाही. आपल्या उजव्या हाताकडे ती पाहत राहिली. आदल्या सकाळी बापाला तिने प्रश्न विचारला नसता, तर संध्याकाळी तो घास नसता. हे तिला कोणी सांगितले नाही, कोणी सांगायची गरज नव्हती.

वृद्ध अमात्य तिच्यापुढे येऊन उभे राहिले. "आईसाहेबांच्या दुधावर वाढलेली तू. आता सिंहासन तुझं. तू हो म्हण, सूर्य मावळायच्या आत रणकेतूचं शिर वेशीवर लावतो."

हो म्हणावे, असे तिच्या रोमारोमाला वाटले. तिच्या डोळ्यांपुढे ते शिर आले, आणि तिला त्याची भीती वाटली नाही, कीव वाटली नाही. तिने डोळे मिटले.

"माझ्या भावानं त्यांना जीवदान दिलंय," ती म्हणाली. "ते मोडायला मी कोण? त्यांना राहू दे. याच महालात राहू दे. कोणी मारू नका, कोणी कोंडू नका. आणि सिंहासन थोरल्या तातांच्या बहिणीच्या मुलाला द्या. मला नको."

अस्थींचा कलश घेऊन ती निघाली, तेव्हा रणकेतू महाद्वारापाशी उभा होता. पहारेकरी होते, सेवक होते, पण कोणी त्याच्याकडे पाहत नव्हते. भिंतीकडे पाहावे तसे त्याच्यातून पाहत होते. एका रात्रीत तो म्हातारा झाला होता.

"वल्लरी, मी सगळं तुझ्यासाठीच..."

"ठाऊक आहे, तात. म्हणूनच मी काही घेऊन जात नाही."

तिने वाकून नमस्कार केला, सासरी निघालेल्या लेकी करतात तसा. त्याने सवयीने हात उचलला. आशीर्वादाचे शब्द शोधले. कोणता आशीर्वाद आता या मुलीला द्यायचा होता? हात तसाच अधांतरी राहिला, आणि ती उंबरठा ओलांडून गेली.

ती पश्चिमेकडे चालत गेली. घाट उतरली, माडांची बने ओलांडली. वाटेत कोणी पाणी दिले, कोणी पडवीत निजू दिले. तिचे नाव कोणी विचारले नाही. हेमंताची थंडी सुरू झाली तेव्हा ती समुद्रावर पोचली.

ओहोटी होती. ओल्या वाळूवर ढगांची राखाडी छाया पडली होती. ती कमरेइतक्या पाण्यात गेली, कलश तिरका केला, आणि ओंजळीत भाऊ घेतला. इतका हलका, इतका मऊ, इतका थोडा. एक लाट आली. तिने बोटे सैल केली. लाटेने घेतले ते हळुवार घेतले, थोडे थोडे घेतले, आणि मागे सरली. दुसरी आली, मागे सरली. ओंजळ रिकामी झाली, तरी तिने ती मिटली नाही. पाणी येत होते, तळव्यांवरून जात होते. येत होते, जात होते. आणि दूर, फार दूर, क्षितिजाच्या कडेशी, समुद्र आपल्याच आत, हळूहळू, ओसरत होता.