एकच हाक

"ऑर्डर आली की तू लिहिलेल्या कोडनं आधी मला कळवायचं. मी हो म्हटलं तरच बाकीच्या खात्यांना," हिशेब खात्याचे साहेब म्हणाले.

"नाही जमणार," मी म्हणाले. " माझा कोड कुणाच्या होकारासाठी थांबत नाही. ऑर्डर आली की तो एकच हाक देतो. ज्यांनी नाव नोंदवलंय त्या सगळ्यांना ती एकदम ऐकू जाते. इथं मानपान नाही."

"फार शिंगं फुटलीत तुला!"

"फुटू देत."

संध्याकाळी घरच्या ग्रुपवर मी एकच ओळ टाकली: माझं ठरलेलं लग्न मी मोडलंय. लगेच आत्याचा फोन आला.

"मला आधी वेगळं सांगता येत नव्हतं? थांबवलं असतं तुला!"

"म्हणूनच, आत्या," मी म्हणाले, "सगळ्यांना एकदम सांगितलं."