चिखलणी, सात मिनिटं

रतनबाईंनी पदर मागे सारून हेडफोन स्वतःच कानांवर चढवला, तो उलटा. चंद्रिकाने सरळ करून दिला.

"ह्यात हायेत नव्हं ते?"

"शेत तुमचंच आहे, मावशी," चंद्रिका म्हणाली आणि मोबाइलवर बोट ठेवलं.

गेल्या आषाढात वडिवळ्याच्या याच भातखाचरात रतनबाईंचे यजमान भिमाजी बैलांमागे चिखलणी करत होते आणि लोणावळ्याच्या शाळेत गणित शिकवणारी चंद्रिका बांधावर रेकॉर्डर धरून उभी होती. ऐकू येतील त्या आवाजांचं संगीत करायचं, हा तिने एकटीने शिकून घेतलेला उद्योग. भिमाजी दर वळणाला बैलांना हाका घालत, मधेच तिला विचारत, "ताई, चिखुल बी गातो व्हय?" तिने त्यांचा शब्द न् शब्द कापला. माणूस बोलला की लोक माणूस ऐकतात, चिखल ऐकत नाहीत. पुण्यात बावीस जणांनी डोळे मिटून ती रचना ऐकली. त्यातल्या दोघांचा डोळा नक्कीच लागला होता. मग नेहमीप्रमाणे तिने रेकॉर्डरचं कार्ड पुसून टाकलं. माघात भिमाजी गेले. घरात त्यांचा फोटो होता. आवाज कुठेच नव्हता.

"बैलं आली," रतनबाई म्हणाल्या. मग, "बोलत्यात कवा?"

चंद्रिकाने त्यांचा एक कान मोकळा केला.

"त्यांचं बोलणं मी काढून टाकलं, मावशी."

"का? वंगाळ बोलले काय?"

"नाही हो. मला नुसता चिखल हवा होता."

"मग बोलनं ठिवलं कुटं?"

"नाही ठेवलं."

बियाण्याचं भात कांडून बसलेल्या सुनेकडे बघावं तसं रतनबाईंनी तिच्याकडे बघितलं. कान पुन्हा झाकून घेतला.

मग एकाएकी त्यांनी चंद्रिकाचं मनगट धरलं.

"ह्ये! ह्ये त्यांचं पाऊल. डावा पाय वढायचे, बगा. लय येळा सांगितलं, दाखवा डाक्टरला."

शब्द कापले तिथे भोकं पडली होती. ती बुजवायला चंद्रिकाने तांदळाची उकड परातीत घेऊन तिच्यात मुठी दाबून तो आवाज भरला होता. उजवी, डावी. डावी जरा हलकी पडली होती. स्वयंपाकघरात, पंखा बंद करून. उरलेल्या उकडीची नंतर तिने भाकरी थापली होती.

"मावशी, ती पावलं..."

"गप ऱ्हावा. बांध आला."

पुढे तीन सेकंद काहीच नव्हतं; तेवढं एकच भोक चंद्रिकाने मोकळं ठेवलं होतं. त्या शांततेचं पुण्यात कौतुक झालं होतं. रतनबाईंनी हनुवटी वर केली आणि ओटीवरची कोंबडी उडेल एवढ्या घोगऱ्या आवाजात हाक घातली,

"वळ रं राजाऽ! वळ!"

मग पुढचं पाऊल आलं असावं, कारण त्यांनी मान हलवली.

संपल्यावर त्यांनी डोळे पुसले नाहीत. हेडफोनही काढला नाही.

"परत लावा, ताई. पावलापासनं."

चंद्रिकाने घसा खाकरला. रतनबाई वाट बघत होत्या.

तिने पावलापासून लावलं.