गाऊन दुसऱ्या दिवशी काढायचा असतो

रविवारी दुपारी मी वेळेत निघालो, विमानतळावर पोचलो आणि ताई आत जायच्या आधी तिला कडकडून भेटलो.

आता हे विसरा. असं काही झालेलं नाही. रविवारी दुपारी मी चौथ्या मजल्यावर, दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या दिवाणखान्यात, त्यांचा जांभळा फुलाफुलांचा गाऊन घालून बसलो होतो आणि त्यांचा कुत्रा माझा डावा पाय उशाला घेऊन पडला होता.

खुलासा करतो. लोक गावाला गेले की त्यांच्या घरी राहून त्यांचे प्राणी सांभाळायचे, हा माझा पोटापाण्याचा धंदा. धंद्यात एक युक्ती आहे. कुत्रा परक्या माणसाला बघून जेवेनासा झाला, तर पहिल्या दिवशी मालकाचा न धुतलेला कपडा अंगात घालायचा. वास ओळखीचा म्हणजे माणूस ओळखीचा. दुसऱ्या दिवशी कपडा काढायचा.

मी तो अकरा दिवस काढला नाही.

तसा काढला होता एकदा. तेव्हा हेडमास्तरांनी (हे कुत्र्याचं नाव, मिशा पाहिल्यात तर पटेल) असा गळा काढला, की खालच्या मजल्यावरचे काका हातात चमचा घेऊनच वर आले.

"कोण गेलं?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

"गाऊन," मी म्हणालो आणि परत घातला.

डॉक्टरीणबाई रविवारी बाराला परतणार होत्या. ताईचं विमान सहाचं होतं, साडेतीनला तिला आत जायचं होतं. पाच वर्षांसाठी चालली होती. माझं नाक पुसण्यापासून कॉलेजची फी भरण्यापर्यंत सगळं तिनंच केलेलं, त्यामुळे निदान टाटा करायला तरी जाणं भाग होतं.

बाई बाराच्या ठोक्याला आल्या. हेडमास्तरांनी दाराखालच्या फटीतून वास घेतला. बाईंच्या अंगाला अकरा दिवसांचा लेकाकडचा साबण. हेडमास्तर चोर पकडल्यासारखे भुंकायला लागले. मी दार जेमतेम वीतभर उघडलं.

"अरे बाळा, मी आहे! ओळखलं नाहीस?"

बाळानं दात दाखवले.

"हे दात दर रविवारी मी घासते!" बाई दुखावल्या. मग त्यांची नजर माझ्यावर गेली. "हा माझा गाऊन आहे ना?"

"होता, बाई."

मी तो काढून फटीतून बाहेर दिला. त्यांनी तो प्रवासाच्या कपड्यांवरच चढवला. हेडमास्तरांनी पुन्हा वास घेतला आणि चवताळलेच. गाऊनला आता माझा वास होता. त्यांच्या दृष्टीनं बाहेर एक चोरटी बाई माझे कपडे घालून उभी होती. बाईंनी मुकाट्यानं गाऊन परत दिला. मी घातला. घरात शांतता पसरली.

मी आमच्या प्राणी सांभाळणाऱ्या एजन्सीच्या बॉसला फोन लावला.

"दुसऱ्या दिवशी काढायचा असतो रे गाऊन!"

"आता काय करू?"

"मालकिणीनं प्राण्याच्या डोक्यावर हात ठेवून सही केली, की तू मोकळा. त्याआधी घर सोडायचं नाही."

हा नियम गेल्या वर्षीचा. आमच्यातल्या एकीनं चुकून भलत्याच घरचं मांजर परत केलं आणि मालकांना तेच जास्त आवडलं. तेव्हापासून हात आणि सही.

मी नियम मोडायचं ठरवलं. दाराकडे दोन पावलं टाकली. हेडमास्तर उठले, निघालेल्या पाहुण्याची पिशवी लपवून ठेवणाऱ्या मावशीच्या मायेनं त्यांनी माझी पँट दातात धरली आणि मला सोफ्यावर परत आणून सोडलं. चावले नाहीत. चावले असते तर निदान दवाखान्यात तरी नेलं असतं कुणी मला.

तीनला ताईचा फोन.

"कुठे आहेस?"

"निघतोच आहे."

"चपला घातल्यास?"

मी उजवा मोजा वर ओढला.

"म्हणजे नाही. अरे, पाच वर्षांसाठी चाललेय मी, कोथिंबीर आणायला नाही."

"ताई, कुत्रा सोडत नाहीये गं."

"कुत्रा सोडत नाहीये की तू?"

मी खाली पाहिलं. हेडमास्तरांची लाळ माझ्या मोज्यात मुरत होती. मी जाऊ नये म्हणून इतकं मनापासून याआधी कुणी अडवलं नव्हतं, पण हे फोनवर सांगण्यासारखं नव्हतं.

"साडेतीनपर्यंत दाराशी उभी आहे," ताई म्हणाली. "जेवलास का?" आणि उत्तराआधीच तिनं फोन ठेवला. रडायला लागली की ती असंच करते.

साडेतीन वाजले. जिन्यात बाई सुटकेसवर बसल्या होत्या. काका त्यांना स्वतःची दाढ दाखवत होते. मी पाय बोटभर हलवला. हेडमास्तरांनी एक डोळा उघडला. मी सहीचा कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूला लिहायला घेतलं:

मा. विमानतळ अधिकारी यांस,

विषय: सहाचे विमान थांबवणेबाबत.

महोदय, सदर विमानात माझी सख्खी बहीण बसणार असून, मी, खाली सही करणार, एका कुत्र्याच्या ताब्यात आहे. कुत्रा वयस्कर आहे, परंतु त्याची स्मरणशक्ती दुर्दैवाने उत्तम आहे. तरी तो मला विसरेपर्यंत सदर विमान आहे त्या जागी उभे ठेवण्यात यावे, आणि रडून नाक लाल झालेल्या महिला प्रवाशास, मी जेवलो आहे, असे कळवण्यात यावे, ही नम्र विनंती.