क्रॅडकच्या बुटाचे खिळे

विल्बर क्रॅडकला शेवटचं पोचवायला जुन्या खेळाडूंपैकी मी एकटाच गेलो, तोही लाकडी पायावर. माझा पाय क्रॅडकनंच घालवला, असं बेसबॉल बघणारी सगळी अमेरिका मानत होती.

१९११ साली ओहायोत आमचा त्याच्या संघाशी सामना होता. मी तिसरा बेस, म्हणजे धावणाऱ्यानं गाठायचा तिसरा टप्पा, सांभाळत होतो. क्रॅडक धावत आला, बेस गाठायला पाय पुढे टाकून घसरला आणि त्याच्या बुटाच्या तळाचे खिळे माझ्या पोटरीत घुसले. बोटभर जखम. मातीत बसूनच तो म्हणाला, "वाटेत कशाला तडमडलास रे ओटो? जा, आधी धुऊन घे."

मी धुतली नाही. मळका मोजा तसाच वर ओढून सामना संपवला आणि पुढचे चार दिवस दारू पीत लोळलो. डॉक्टरकडे गेलो तोवर पाय काळा पडला होता. गुडघ्याखालून कापला.

इस्पितळात एक वार्ताहर आला. "क्रॅडक खिळ्यांना धार लावतो म्हणतात. तुम्ही पाहिलंत?"

मी सव्वीस वर्षांचा होतो. पाय माझ्याच मूर्खपणानं गेला, हे सांगायला जीभ रेटेना.

"पाहिलं ना," मी म्हणालो. "सामन्याआधी बाकावर बसून कानस मारत होता."

क्रॅडक काही साधू नव्हता. पंचांवर थुंकायचा. एका वेटरचे त्यानं दात पाडलेले मी स्वतः पाहिले होते. त्यामुळे माझ्या बोलण्यावर कुणी शंका घेतली नाही. तो आणखी नऊ वर्षं खेळला, त्याच्यासारखी फटकेबाजी कुणाला जमली नाही. पण गावोगाव लोक त्याला "कसाई, कसाई" म्हणून ओरडायचे. सुरुवातीला तो नाकारायचा. मग गप्प बसायला लागला. मी मात्र गुत्त्यात ती गोष्ट सांगत राहिलो. ऐकणारे मला दारू पाजायचे.

तो वारल्याचं कळलं आणि मी वेस्ट व्हर्जिनियाची गाडी पकडली. चर्चमध्ये आठ-दहा माणसं होती. त्याची बहीण लव्हिनिया दारातच भेटली.

"तुम्ही हेकमन ना? शेवटच्या आठवड्यात तो सारखा विचारत होता, ओटोनं असं का सांगितलं असेल गं? मला उत्तर देता आलं नाही."

प्रार्थना झाल्यावर मी उठलो आणि सगळं सांगितलं. मळका मोजा, दारू, कानशीची थाप. पाद्र्यांचे डोळे भरून आले. त्यांनी मला मिठी मारली. "ज्यानं पाय घेतला त्याचं पाप हा माणूस स्वतःच्या शिरावर घेतोय! क्षमा याला म्हणतात!"

"अहो, क्षमा कसली? मी खोटं बोललो होतो!" मी ओरडलो. लोक माझा हात हातात घेऊन हळहळत होते.

लव्हिनियाचा तेवढा विश्वास बसला. तिनं माझी टोपी आणून दिली. "जा आता. आणि कबरीपाशी येऊ नका."

वर्तमानपत्रात मथळा आला, 'पांगळ्या हेकमनकडून कसायाला माफी'. मी संपादकांना दोन पत्रं लिहिली. एकाचं उत्तर आलं: आपल्या मनाचा मोठेपणा आमच्या वाचकांना फार भावला.