बसम्माच्या हातांचं पिवळं पाणी

मुखेडच्या आठवडी बाजारात कावीळ उतरवणाऱ्या रेवणप्पाभोवती गर्दी उसळली होती. काविळीच्या रोग्याचे तळहात तो मंत्र पुटपुटत चोळायचा, वर चुन्याची निवळी ओतायचा. परातीत पिवळंजर्द पाणी!

"बघा, रक्तातलं जहर! हे डागदरच्या मशिनीला घावतंय व्हय?"

रांगेत बसम्मा होती, माझी शेजारीण. मी निवृत्त ग्रंथपाल, घरात एकटा. दिवसभरात माझ्याशी बोलणारी तीच. तिचे डोळे पुन्हा पिवळे झाले होते.

डॉक्टर स्वप्नाली तिला म्हणाल्या होत्या, "विषाणूंच्या तपासण्या साफ आल्या, पण कारण सापडलेलं नाही. सांधे दुखतात, थकवा आहे, बहिणीला थायरॉईड. आणखी रक्त तपासू."

"साफ हाय म्हणता, मग परत सुई कशाला?" म्हणत ती इथं आली होती.

"बसम्मा, घरी चल."

"अण्णा, मागं दोनदा ह्यानंच उतरवली. लई गुण हाय हाताला."

चोळण्यातच मेख असावी, असं मी कुठंतरी वाचलं होतं. पण पुस्तक चुकलं तर? बसम्मानं बोलणं सोडलं तर? तरी मीच माझे हात पुढं केले.

रेवणप्पानं चोळले, ओतलं. पिवळं!

"म्हातारबात लई जुनी मुरलीय!"

"यांना कावीळ नाही," मागून आवाज आला. डॉक्टर स्वप्नाली भाजी घ्यायला आल्या होत्या. "परवाच रक्त तपासलंय मी."

मी हात साबणानं धुतले. "आता न चोळता ओता."

रेवणप्पा घुटमळला. कुणीतरी ओरडलं, "वत की! मंत्र इसरला का?"

निवळी ओतली. पाणी पिवळं झालं नाही.

"स्वतःच्या तळव्याला आंब्याच्या झाडाच्या सालीचा रस लावतो हा," डॉक्टर म्हणाल्या. "चुना लागला की पिवळा होतो."

बसम्मा हळूच म्हणाली, "मग माझी उतरली कशानं?"

"काही आजार आपोआप ओसरतात, पुन्हा उसळतात. आत लिव्हर झिजतच असतं."

तिनं रक्त दिलं. पुढं नांदेडला लिव्हरचा बारीक तुकडा तपासला. शरीराची राखण करणारी शक्तीच लिव्हरवर उलटली होती; सांधेदुखी, बहिणीचं थायरॉईड ही त्याचीच खूण. लिव्हर निबर होण्याआधी सापडलं.

उपचार बराच काळ चालणार, म्हणून ती लातूरला लेकीकडं गेली. भिंतीपलीकडं आता आवाज नाही.

काल फोन आला. "अण्णा, डोळ्यांतलं पिवळं गेलं. गोळ्या सोडू का?"

"डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही सोडू नको."

"हाव. जेवलात का?"

जेवलो, म्हणालो. मग एकट्यापुरता भात टाकला.

वाचकहो, कावीळ उतरवून घेऊ नका. ती कशानं झाली, ते विचारा. उत्तर मिळेपर्यंत विचारा.